हमीदभाईंना सांगताना

आपा, पुढच्या प्रशिक्षणाचं वेळापत्रक आलं आहे आणि जेवणानंतरच्या तासासमोर अजून तुमचंच नाव छापलेलं आहे. ऑफिसातल्या मुलीने फोन करून विचारलं, "मॅडम, बदलून टाकू का?" मी म्हटलं, थांब. कशासाठी थांब म्हटलं ते माझं मलाही सांगता येणार नाही. तुमची तिसऱ्या दिवसाची जियारत होऊन गेली, दारातला मंडप काढून नेला, तुमच्या गल्लीत पुन्हा पहिल्यासारख्या गाड्या आडव्यातिडव्या लागायला लागल्या. अख्ख्या मंगरूळला ठाऊक आहे की तुम्ही नाहीत. एका कागदाला तेवढं कळायचं राहिलं आहे तर राहू दे, असं वाटलं.

खात्याने शोकसभा घेतली. शिस्तप्रिय होत्या, सेवाभावी होत्या, रुग्णांच्या माउली होत्या, असं एकेकजण उठून बोलत होता आणि मी मागच्या खुर्चीत दातओठ खात बसले होते. तुम्हाला कुणी सेवाभावी म्हटलं की तुम्ही काय म्हणायचात ते मला तोंडपाठ आहे. "सेवाभावी म्हंजे इचे पैशे वाढवू नका, अन् इले सुट्टी देऊ नका." मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी मान हलवून नाही म्हटलं. मला दोन शब्द बोलायचेच नव्हते. मला पुष्कळ बोलायचं आहे, ते तुमच्याशीच बोलायचं आहे, आणि त्यातलं बरंचसं भांडण आहे.

तुम्ही अधिसेविका म्हणून निवृत्त झालात आणि घरी न बसता आम्हाला शिकवायला आलात. आमच्या जिल्ह्यात दवाखान्याचा कारभार ज्यांच्या गळ्यात पडतो, त्या इन्चार्ज सिस्टर, नवे डॉक्टर, औषधभांडारवाले, या सगळ्यांचं ते प्रशिक्षण. शिकवणारे सगळे खात्यातच केस पांढरे केलेले. मी नुकती इन्चार्ज झाले होते तेव्हा वाशिमच्या हॉलमध्ये पहिल्यांदा तुमच्यासमोर बसले. सकाळी नेतृत्वगुण झाले, साठ्याच्या नोंदी झाल्या. वेळेच्या नियोजनाचा तास उशिरा सुरू झाला, आणि त्याबद्दल कुणालाच काही वाटलं नाही. मग रोडगे आणि वांग्याची भाजी. जेवणानंतर अर्धा हॉल पेंगायला लागला. तो तास कुठलाच वक्ता घ्यायला तयार नसे, तुम्ही मात्र मागून घेत असायचात.

तुम्ही आल्या आल्या प्रोजेक्टर बंद करायला लावलात. दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या समोरासमोर मांडल्यात. मागच्या रांगेत सकाळपासून एक सडपातळ, पांढऱ्या टोपीचे गृहस्थ पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. आम्हाला वाटलं, कुणाला तरी घ्यायला आले असतील. तुम्ही त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटलात. ते उठून एका खुर्चीत जाऊन बसले आणि बसता बसता त्यांचा चेहराच बदलला. मग तुम्ही माझ्याकडे बोट केलंत.

"तू ये वो. हा मानूस बाहीर बसून हाये. याच्या भावाले सकायी तुह्या वार्डात आनलं होतं. तो वारला. जाय, सांग याले."

मला हसू आलं. सगळेच हसले. फक्त ते गृहस्थ हसले नाहीत. माझ्याकडे वर पाहून म्हणाले, "सिस्टर, माह्या भाऊ कसा हाये?"

हसणं जागच्या जागी थांबलं. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "आम्ही खूप प्रयत्न केले."

"लय उपकार झाले, सिस्टर. मंग बरा हाये न आता?"

"नाही म्हणजे... डॉक्टरांनी सगळं केलं हो. पण शेवटी आपल्या हातात काय असतं."

"हो न. मंग जेवला का तो? मी डबा आनला हाये त्याच्यासाठी." आणि त्यांनी खरंच मांडीवरची पिशवी उघडायला घेतली.

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही भिंतीला टेकून सुपारी कातरत होतात. शेवटी मी रडकुंडीला येऊन गप्प बसले, तेव्हा तुम्ही पुढे आलात आणि सगळ्यांना म्हणालात, "पाह्यलं? इतकं बोलली. सांगतलं काय? काईच नाई."

मग तुम्ही सांगितलंत. आधी त्याला बसवा. मग स्वतः बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. सोबत कोण आहे ते विचारा. मेलेल्या माणसाचं नाव घ्या आणि तो मेला असं सांगा. वारला म्हणा, इंतकाल झाला म्हणा, ज्या घरचा जो शब्द असेल तो म्हणा, पण शब्द पाहिजे. त्याच्यामागे लपू नका, त्याच्यापुढे डॉक्टरांची कीर्ती लावू नका. "अन् येक डाव सांगतलं का तोंड बंद. पाय तिथंच." शेवटच्या या वाक्यावर तुमचा सगळा जोर असायचा. बातमी सांगून काढता पाय घेणारे इन्चार्ज तुम्ही आयुष्यभर पाहिले होते.

चहाच्या वेळी कळलं की ते टोपीवाले तुमचे मालक. हमीदभाई. दर्ग्याच्या रस्त्यावर त्यांचं टेलरिंगच्या सामानाचं दुकान, बटनं, अस्तर, लेस. स्टाफमधली माणसं एकमेकांसमोर नातेवाईक झाली की खिदळतात, म्हणून तुम्ही प्रत्येक प्रशिक्षणाला दुकान बंद करायला लावून त्यांना घेऊन येत होतात. मी म्हटलं, "भाई, तुम्ही तर नाटकात काम करायला पाहिजे होतं." ते म्हणाले, "नाटक नाई करत बेटा मी. ती कानात सांगते, अन् मी खरं समजतो. बस." एकाच गोष्टीत ते स्वतःला राखून ठेवायचे. मृत्यूची बातमी ऐकल्यावर त्यांच्या धर्मात जे म्हणतात, ते त्यांनी हॉलमधल्या खुर्चीत कधी म्हटलं नाही. ते खोट्या मरणासाठी नाही, असं ते म्हणायचे. एरवी रागावून झालं, भिंतीला डोकं टेकून झालं, एकदा तर चवताळून एका डॉक्टरची कॉलर धरून झाली. पण ते शब्द नाहीत.

मग मी तुमच्याबरोबर शिकवायलाच लागले. साठ्याच्या नोंदी मी घ्यायची, जेवणानंतरचा तास तुम्ही. रिसोड, मानोरा, कारंजा, जिथे बोलावतील तिथे आपण तिघं एसटीने जायचो. हमीदभाई खिडकीशी, तुम्ही मध्ये, मी कडेला. माझं माहेर केनवडचं, म्हणून रिसोडकडे गेलं की माझी आई दशम्या आणि मिरचीचा ठेचा घेऊन स्टँडवर उभी असायची, आणि तुम्ही तिला दरवेळी म्हणायचात, "माय, पोरगी लय भांडते. काय खाऊ घातलं होतं?"

रिसोडहून परततानाच एकदा तुम्ही मला सांगितलंत, हा तास कुठून आला ते. तुम्ही नोकरीला नव्या होतात. कुठल्या दवाखान्यात ते तुम्ही कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एक बाळंतीण टेबलावरच गेली. बाहेर गर्दी जमलेली, म्हणून वरच्यांनी घाबरून तिच्या नवऱ्याला सांगितलं की सिरियस आहे, अकोल्याला हलवा. त्याने जीप केली. वाटेत तो तिच्या ओठांना चमच्याने पाणी लावत होता. ते पाणी गळून जातंय हे जीपवाल्याने आरशात पाहिलं, आणि त्याने गाडी बाजूला घेऊन सांगितलं. संध्याकाळी तो नवरा परत आला. दगड घेऊन नाही, रिकाम्या हातांनी. तुम्हाला फक्त म्हणाला, "तुमाले मालूम होतं न, सिस्टर?"

"मंग तुम्ही काय म्हटलं?" मी विचारलं.

तुम्ही खिडकीकडे पाहिलंत. तिकडे हमीदभाई डुलकी घेत होते. "मंग काय म्हननार वो," म्हणालात, आणि त्या विषयावर आपण पुन्हा बोललो नाही.

भांडायला बाकी विषय पुष्कळ होते. सगळ्यात जुनं भांडण रडण्याचं. तुमचं म्हणणं, सांगणाऱ्याने रडायचं नाही. मी म्हणायची, आपा, आपण माणसं आहोत, एखाद्या वेळी डोळ्यांत पाणी आलं तर नातेवाईकाला उलट बरं वाटतं, कुणीतरी आपलं आहे असं वाटतं. तुम्ही हात झटकायचात. "त्याचं मानूस मेलं अन् रडून कोन राह्यलं, तर तू! मंग तो कवा रडन? तो बिचारा उठून तुले पानी देत बसन." वर्गासमोर तुम्ही हे इतक्या वेळा म्हटलंत की पोरी मला चिडवायच्या, मॅडम, पाणी आणू का? मी प्रत्येक वेळी चिडायची. हे भांडण आपण कधी संपवलं नाही. मला वाटायचं, वेळ आहे.

दुसरं भांडण हमीदभाईंवरून. कानात नातं सांगताना तुम्ही भाऊ सांगायचात, बाप सांगायचात, मुलगा सांगायचात. कधी कधी बायको. त्या दिवशी मला ते पाहवायचं नाही. समोर कुणीतरी शिकाऊ पोरगी त्यांना सांगत असायची की तुमची बायको वारली, आणि तुम्ही तिथेच भिंतीला टेकून सुपारी कातरत उभ्या असायचात. मी म्हटलं, दुसरं काहीही सांगा, हे नातं सोडा. तुम्ही म्हणालात, "काहून? बायका मरत नाई का?" मी म्हटलं, त्यांना काय वाटत असेल? तुम्ही खो खो हसून म्हणालात, "त्यायले इचार न." मी विचारलं नाही. नवरा-बायकोच्या मध्ये मी कशाला पडू.

दिवाळीनंतर कारंज्याला प्रशिक्षण होतं. हॉल वरच्या मजल्यावर. जिन्याच्या वळणावर तुम्ही थांबलात, कठड्याला धरून. मी म्हटलं, काय झालं? म्हणालात, "लुगडं अडकलं." तुमचं लुगडं कुठेच अडकलं नव्हतं. मला खटकलं, पण खाली डब्यांचा टेम्पो आला होता, तो लावून घ्यायला मी पळाले. त्या दिवशीच्या तासाला तुम्ही हमीदभाईंच्या कानात जे सांगितलंत ते पहिल्यांदाही बायको, दुसऱ्यांदाही बायको, आणि तास संपेपर्यंत बायकोच. समोरचा सांगणारा बदलत होता, मरणारी तीच. शेवटी आमच्याच दवाखान्यातला नवा डॉक्टर बसला. त्याने चांगलं सांगितलं. नाव घेतलं, शब्द वापरला, गप्प बसला. हमीदभाई बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले आणि मग उठून तुमच्याजवळ आले. "आता बस कर," म्हणाले, आणि पिशवी उचलून खाली जाऊन बसले. मी रागाने तुमच्याशी स्टँडपर्यंत बोलले नाही. परतीच्या एसटीत मी मुद्दाम मागच्या सीटवर बसले.

मला तेव्हा काय माहीत होतं, आपा.

थंडी पडली होती. ओपीडी संपत आली होती, मी वॉर्डात होते, आणि हमीदभाई तुम्हाला ऑटोतून घेऊन आले. तुम्ही चालत आत आलात, ते तुमच्या तोऱ्यात, पण ओठ काळेनिळे झालेले. कॉटवर आडवं होता येईना, बसूनच श्वास घेत होतात. डॉक्टरने जुने कागद विचारले. हमीदभाई म्हणाले, "कायचे कागद, साहेब? हिले कई काई झालंच नाई." ते औषध आणायला गेले तसा तुम्ही तोंडावरचा मास्क बाजूला केलात आणि माझं मनगट धरलंत.

"अकोल्याले दाखवलं होतं मी. दिवाळीच्या आधी. दिलाची झडप खराब हाये. ऑपरेशन सांगतलं होतं." श्वास घेऊन म्हणालात, "कराचं नव्हतं मले."

मी पहिल्यांदा डॉक्टरला ते सांगितलं. मग तुमच्याकडे वळले, आणि आपा, मी तुमच्यावर ओरडले. ऑक्सिजन लावलेल्या बाईवर. "भाईंना माहीत आहे?"

तुम्ही मान हलवून नाही म्हटलंत.

"सगळ्या जिल्ह्याला शिकवत फिरलात, साफ सांगा, नाव घेऊन सांगा! आणि घरातल्या घरात?"

"शिकवलं न तुले?" तुम्ही म्हणालात. "मंग तू सांग."

"मी नाही सांगणार. बऱ्या व्हा आणि तुमचं तुम्हीच सांगा."

तुम्ही मास्क परत तोंडावर ओढून घेतलात. वरून नुसते डोळे दिसत होते आणि त्या डोळ्यांत थोडं हसू होतं, असं मला अजून वाटतं. तुमच्याशी बोललेलं माझं हे शेवटचं वाक्य. मी नाही सांगणार.

अकोल्याला न्यायला गाडी बोलावली होती. हमीदभाई औषधं देऊन तुमच्या पायथ्याशी उभे राहिले, तेव्हा दुपार कलल्यावरची, असरची अजान झाली आणि तुम्हीच त्यांना खुणेने सांगितलंत, जा. ते नको नको म्हणत होते. तुम्ही डोळे वटारलेत तेव्हा गेले. तेही तुम्ही ठरवून केलं का? ते मशिदीत असताना तुमचं हृदय थांबलं. डॉक्टर छाती दाबत राहिला, त्याच्या कपाळावरचा घाम तुमच्या पदरावर पडत होता. गाडी दारात येऊन उभी राहिली तेव्हा तो थांबला.

बाहेर येऊन तो भिंतीशी उभा राहिला. "सिस्टर, तुम्ही सांगता का? मी... मी त्यांना कारंज्याला एकदा सांगितलंय हो."

मला त्या मुलाची दया आली. मी हो म्हटलं.

मी सिस्टर रूममध्ये दोन खुर्च्या समोरासमोर केल्या. हमीदभाई फाटकातून आत येताना दिसले, बाह्या अजून वर दुमडलेल्या. मी त्यांना म्हटलं, "भाई, जरा बसा." ते बसले. मी समोर बसले, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. म्हटलं, "भाई, सोबत कोण आहे?"

त्या प्रश्नाबरोबर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं, इतक्या हॉलमध्ये, इतक्या जणांनी त्यांना तो प्रश्न विचारला होता. ज्याने या विद्येचं नावही ऐकलं नाही अशा माणसाला मी ही बातमी देत असते तर त्याला आणखी दोन क्षण तरी मिळाले असते. हमीदभाईंना खुर्चीनेच सांगितलं.

"कोनी नाई," ते म्हणाले. "पोरगी निंगाली हाये कारंज्याहून, शबाना."

आणि मी, तुमची विद्यार्थिनी, तुमची जोडीदारीण, मी म्हटलं, "भाई, आम्ही खूप प्रयत्न केले."

"लय उपकार झाले, सिस्टर," ते म्हणाले. "मंग बरी हाये न आता?"

तोच आवाज होता, आपा. वाशिमच्या हॉलमधला, पहिल्या दिवसाचा. मला ते कधी सिस्टर म्हणत नसत, बेटा म्हणायचे. ते नेहमीच्या सवयीने विचारत होते, की मला सांभाळून घेत होते, की खरोखर विचारत होते, मला कळेना. मी त्यांचे दोन्ही हात धरले, ते धरायला तुम्ही शिकवलं नव्हतं, आणि म्हटलं, "भाई, रशीदा आपांचा इंतकाल झाला. तुम्ही नमाजला होता तेव्हा."

त्यांचे ओठ हलले आणि इन्ना लिल्लाहि पासून पुढचे सगळे शब्द त्यांनी हळू आवाजात पुरे केले. हॉलमधल्या कुठल्याच खुर्चीत न म्हटलेले. तेव्हा मला कळलं की हे खरं आहे. तोपर्यंत बहुतेक मीच खरं धरलं नव्हतं.

तोंड बंद, पाय तिथंच. मी बसून राहिले. बाहेर कुणीतरी केसपेपर मागत होतं. हमीदभाईंची नजर जमिनीवर, डोळे कोरडे. आणि मी रडायला लागले. आवरायचा प्रयत्न केला, नाही आवरलं. हुंदके देऊन, नाक ओढत, एखाद्या पोरीसारखी रडले.

हमीदभाई उठले. कोपऱ्यातल्या जारपाशी गेले, स्टीलचा ग्लास विसळला, भरला, आणि माझ्यासमोर धरला. "पी, बेटा," म्हणाले.

जिंकलात तुम्ही. घ्या. इतक्या वर्षांचं भांडण एका ग्लासात निकालात काढलंत. त्यांचं माणूस मेलं आणि पाणी मी प्याले. त्या पाण्याची मला अजून लाज वाटते. पण आपा, भांडण संपलं असं मी अजूनही म्हणणार नाही. ते बसले होते तेव्हा मला भीती वाटत होती की हा माणूस आता उठणारच नाही. ग्लास भरायला ते उठले, तेवढ्यासाठी त्यांच्या हातांना काम मिळालं, आणि उभे आहेतच तर ते तुमच्याकडे आत गेले. कोण बरोबर होतं, सांगा ना? हे मला तुम्हाला सांगायचं आहे आणि तुम्ही हात झटकायला पाहिजेत.

जियारतीनंतर काही दिवसांनी एका दुपारी मी तुमच्या घरी गेले. पाहुणे पांगले होते. हमीदभाई ओसरीत बटनांचे डबे घेऊन बसले होते, काळी एकीकडे, पांढरी एकीकडे. दुकान कधी उघडणार ते मी विचारलं नाही. त्यांनीच विषय काढला.

"कारंज्याच्या दिवशी तू मांगं बसली होती येस्टीत. मी तिले म्हटलं, आज सारखी सारखी बायकोच काहून मारून राह्यली होती वं? ती म्हने, सराव. मी हासलो. मंग पाह्यलं, तर ती हासून नव्हती राह्यली."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच..."

"समजलं मले. दोन-तीन गावं मांगं गेले, तोवर समजलं." त्यांनी एक पांढरं बटन बोटांत फिरवलं. "पन तिनं नाव घेऊन सांगतलं नाई. मंग मी बी इचारलं नाई."

आपा, मी तिथून उठून तुमच्या मोरीत जाऊन तोंड धुतलं. तुम्हाला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, डॉक्टरला 'कायचे कागद' म्हणतानाही माहीत होतं, आणि दिवाळीपासून थंडीपर्यंत तुम्ही दोघं एका ताटात जेवत होतात. त्यांना सांगितलं असतं तर ते तुम्हाला ओढत ऑपरेशनला घेऊन गेले असते, म्हणून नाही सांगितलंत का? की तोंड उघडवेना? ज्या नवऱ्याने जीप केली होती त्याला न दिलेलं उत्तर तुम्ही जिल्हाभर सगळ्यांकडून घोकून घेतलंत, आणि स्वतःच्या माणसासमोर पुन्हा खिडकीकडेच पाहिलंत. मला तुमचा राग येतो. मग लगेच मनात येतं की सांगता आलं नाही म्हणून तुम्ही त्यांना त्या खुर्चीत बसवलंत आणि दुसऱ्यांच्या तोंडून वदवलंत, पुन्हा पुन्हा, त्यांना पुरे म्हणावंसं वाटेपर्यंत. तुमच्याकडून जमण्यासारखं तेवढंच होतं. त्या दिवशी मी मागच्या सीटवर रुसून बसले होते, आणि पुढे तुम्ही दोघं काय सोसत होतात याचा मला पत्ता नव्हता. तुमच्याजवळ बसायला पाहिजे होतं मी.

निघताना मी त्यांना वेळापत्रकाचं सांगितलं. म्हटलं, तो तास आता माझ्या माथी मारतील, तुम्ही नाही आलात तरी चालेल, दुसरं कुणी बसवू.

"येतो न," ते म्हणाले. "येत नाई असं मी कवा म्हटलं?"

मी जरा घाबरतच विचारलं, "मग कानात काय सांगू भाई? कोणतं नातं?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आता मी त्या खुर्चीवर नाई बसत बेटा. ते सारं ऐकून झालं माह्यं. ह्या बारीले मले सांगनारा कर. शबाना आली, तवा दवाखान्याच्या फाटकात मीच सांगतलं तिले. डाक्टर म्हने मी सांगतो. मी म्हटलं, नको. बसवलं, नाव घेतलं, अन् सांगतलं. जमलं मले." मग एखादा शिकाऊ विचारतो तसं त्यांनी मला विचारलं, "बरोबर केलं न?"

बरोबर केलं, आपा. तुम्ही पाहायला पाहिजे होतं.

ऑफिसातल्या मुलीला मी आज फोन केला आणि तुमच्या जागी हमीदभाईंचं नाव घालायला सांगितलं. ती म्हणाली, मॅडम, ते तर खात्यातले नाहीत. मी म्हटलं, घाल. जेवणानंतर प्रोजेक्टर बंद होईल, दोन खुर्च्या समोरासमोर लागतील. सांगणाऱ्याच्या खुर्चीत ते बसतील आणि सगळ्या हॉलसमोर तुमचं नाव घेऊन सांगतील. समोर नातेवाईक म्हणून मी बसणार आहे. मी आधीच ठरवलंय, मी विचारीन, मग बऱ्या आहेत ना आता? ते तो शब्द म्हणेपर्यंत विचारत राहीन. आणि मग पोटभर रडेन. त्या खुर्चीतल्या माणसाने रडायला तुमची कधीच हरकत नव्हती.